लाट दहा सेकंदांची, सिनेमा दीड तासाचा

सर्फिंगवर सिनेमा काढणाऱ्याची पहिली अडचण वेळेची असते. लाट उठते, सर्फर बोर्डावर उभा राहतो, पाण्याच्या उतारावरून घसरत जातो आणि बहुतेक किनाऱ्यांवर दहा-पंधरा सेकंदांत सारं फेसात विरून जातं. कुस्तीत कुणीतरी चीत होतं, शर्यतीला शेवटची रेषा असते, क्रिकेटला धावफलक असतो. इथं त्यातलं काहीच नाही, आणि पुढची लाट कधी येणार हे समुद्राच्या मर्जीवर. शिवाय आवाजही मिळत नाही. कॅमेरावाला दूर वाळूत उभा असतो. पाण्यात उतरलाच तर कॅमेऱ्याच्या जलरोधक पेटीवर आपटणाऱ्या पाण्याची गुडगुड तेवढी हाती लागते. अशा दहा-दहा सेकंदांच्या तुकड्यांतून दीड तासाचा चित्रपट उभा कसा करायचा? सत्तर वर्षांत या प्रश्नाची जी उत्तरं दिली गेली, तोच सर्फपटांचा इतिहास.

या सिनेमांचे आता स्वतंत्र महोत्सव भरतात. लंडनचा सर्फ फिल्म फेस्टिव्हल २०११ पासून चालू आहे. स्पेनच्या बास्क किनाऱ्यावर सान सेबास्तियानला एक भरतो, होनोलुलूच्या कला संग्रहालयात उन्हाळ्यात सर्फपटांचा खास उत्सव असतो, केप टाउनच्या ‘वेव्हस्केप’मध्ये तर क्लिफ्टनच्या वाळूवरच पडदा उभारतात. कुठलीही कार्यक्रमपत्रिका उघडा, मांडणी साधारण ओळखीची असते. डोंगराएवढ्या लाटांवरचा एक सिनेमा, बर्फाळ पाण्यातल्या प्रवासाचा एक, जुन्या उस्तादावरचा एक, दूरच्या गरीब देशातल्या एखाद्या मुलीवरचा एक आणि समुद्र वाचवा सांगणारा एक. यातलं उत्तम कोणतं आणि नुसतं देखणं कोणतं, हे ओळखण्याची माझी कसोटी सोपी आहे. लाट कुठल्याही सिनेमात सुंदरच दिसते. ती वाईट दिसेल असा कॅमेरा अजून निघालेला नाही. त्यामुळे लाटेच्या देखणेपणाचे गुण कुणालाच देऊ नयेत; कॅमेरा किनाऱ्याकडे वळल्यावर काय दिसतं तेवढं पाहावं.

लाटांचं चित्रण सिनेमाइतकंच जुनं म्हणता येईल. एडिसनच्या कंपनीसाठी रॉबर्ट बोनाइन यानं १९०६ मध्ये वाइकिकीच्या किनाऱ्यावर हवाईयन सर्फर टिपले होते. पण सर्फिंगचा सिनेमा हा वेगळा धंदा म्हणून सुरू झाला तो १९५३ मध्ये, आणि तोही एका शाळेच्या सभागृहात. बड ब्राउन हा जीवरक्षक, जलतरणपटू आणि शाळामास्तर. हवाईला जाऊन त्यानं चित्रण केलं आणि कॅलिफोर्नियातल्या सँटा मोनिकाच्या जॉन ॲडम्स शाळेत ६५ सेंटांचं तिकीट लावून ते दाखवलं. निवेदन तो स्वतः समोर उभा राहून करायचा. भिंतींवर पत्रकं चिकटवायची, गावोगाव मोटार हाकायची, हॉल भाड्यानं घ्यायचा, रीळ लावायचं, बोलायचं आणि गल्ला मोजायचा. आपल्याकडच्या तंबू सिनेमावाल्यांना हा संसार परका वाटला नसता. प्रेक्षक म्हणजे सगळे सर्फरच. पडद्यावर ओळखीचा माणूस दिसला की शिट्ट्या, आपटला की हशा, मोठी लाट आली की पायांचा दणदणाट. पुढची दहा वर्षं हा सिनेमा याच वर्तुळात फिरत राहिला. पाहणारे तेच आणि दिसणारेही तेच.

वर्तुळ फोडलं ते ब्रूस ब्राउननं. बड ब्राउनशी याचं नातं नाही, फक्त आडनाव एक. पन्नास हजार डॉलरच्या आसपास खर्चात, १६ मिलिमीटरच्या फिल्मवर त्यानं ‘द एंडलेस समर’ काढला. शंभर फुटांचं एक रीळ जेमतेम पावणेतीन मिनिटं चालायचं, आणि संथगतीत चित्रण केलं तर त्याहून लवकर संपायचं. म्हणजे प्रत्येक लाटेवर जुगार. माइक हिन्सन आणि रॉबर्ट ऑगस्ट या दोन कॅलिफोर्नियन पोरांना घेऊन तो उन्हाळ्याच्या मागे जगभर फिरला: सेनेगल, घाना, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, ताहिती, हवाई. (उन्हाळा संपू नये म्हणून पृथ्वीप्रदक्षिणा करायची ही कल्पना एखाद्या चंद्रपूरकराला सांगून पाहावी.) १९६४ मध्ये सर्फरांच्या वर्तुळात तो गाजला, पण वितरक म्हणाले की समुद्रापासून दहा मैल आत गेलं की हे कोण बघणार? तेव्हा ब्राउननं कुठल्याही समुद्रापासून शेकडो मैल दूर असलेल्या कॅन्सस राज्यातल्या विचिटा गावात, ऐन हिवाळ्यात थिएटर भाड्यानं घेतलं. दोन आठवडे खेळ भरले. तरी वितरक बधेनात. मग त्यानं फिल्म ३५ मिलिमीटरवर वाढवून घेतली आणि न्यूयॉर्कमध्ये स्वतःच थिएटर घेतलं. तिथं सिनेमा जवळपास वर्षभर चालला. २००२ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीत त्याचा समावेश झाला.

वेळेच्या अडचणीवर ब्राउनचं उत्तर होतं गप्पा. त्याचं निवेदन मिश्कील, सैल, अंगणात खुर्ची टाकून बोलल्यासारखं. लाटा कमी, वाट पाहणं जास्त, आणि त्या वाट पाहण्याचीच गंमत. दक्षिण आफ्रिकेत केप सेंट फ्रान्सिसला वाळूच्या टेकड्या ओलांडून दोघं जातात आणि समोर एकामागून एक निर्दोष लाटा उलगडत येतात. हा प्रसंग आजही पाहताना मी सावरून बसतो.

आणि तिथंच तो सिनेमा मला खटकतोही. घानाच्या किनाऱ्यावरची माणसं ब्राउनच्या निवेदनात विनोदापुरती येतात. दक्षिण आफ्रिकेत तेव्हा किनारेसुद्धा वर्णानुसार वाटलेले होते. १९५३ च्या कायद्यानं वाळूवर कुणी बसायचं हेही ठरवून टाकलं होतं. ब्राउन त्याला शार्क आणि डॉल्फिनवरच्या एका चुटक्यात उरकतो. दोन गोरी मुलं जिथं मोकळेपणानं पाण्यात उतरली, तिथं त्याच देशातल्या बहुसंख्यांना उतरायला बंदी होती, हे त्या देखण्या चौकटीबाहेर राहिलं.

ते चौकटीत यायला बराच काळ जावा लागला. २०१३ मध्ये सॅम जॉर्जनं केलेला ‘हवाईयन: द लेजंड ऑफ एडी आइकाऊ’ हा माहितीपट त्याच देशाच्या किनाऱ्यावर १९७२ मध्ये घडलेली गोष्ट सांगतो. वायमिया खाडीचा पहिला जीवरक्षक, मोठ्या लाटांवरचा निर्भय माणूस एडी आइकाऊ स्पर्धेसाठी दरबानला गेला आणि कातडीचा रंग पाहून हॉटेलानं त्याला दारातून परत पाठवलं. सारा ब्लेकरचा ‘ओटेलो बर्निंग’ तर त्याहून पुढे जातो. हा कथापट, झुलू भाषेतला. २०११ च्या दरबान महोत्सवाची सुरुवात त्यानं झाली. वर्णभेदाचे शेवटचे दिवस, दरबानजवळची लॅमॉन्टव्हिल ही काळ्यांची वस्ती, पाण्याला भिणारी तीन पोरं आणि त्यांना सापडलेलं सर्फिंग. समुद्रात त्यांना जे मोकळेपण मिळतं त्याचीच किंमत वस्तीत चुकवावी लागते. मत्सर आणि फितुरी यांच्या वाटेनं शेक्सपिअरचा ऑथेल्लोही डोकावतो. ‘एंडलेस समर’, एडीचा माहितीपट आणि ‘ओटेलो बर्निंग’ लागोपाठ पाहिले तर एकाच समुद्राचे तीन किनारे दिसतात. एखाद्या महोत्सवानं असा तिहेरी खेळ खरंच लावावा.

हॉलिवूडबद्दल फार लिहावंसं वाटत नाही. ‘गिजेट’नं १९५९ मध्ये मालिबूचा किनारा घराघरांत नेला आणि तिथं गर्दी करून ठेवली, म्हणून मूळ सर्फर त्याच्या नावानं बोटं मोडतात. जॉन मिलियसचा ‘बिग वेन्सडे’ (१९७८) तिकीटबारीवर आपटला, पण मैत्री आणि वय यांवरचा तो हळवा, थोडा अवजड सिनेमा आता आवडीनं पाहिला जातो. त्याच मिलियसनं लिहिलेल्या ‘अपॉकलिप्स नाऊ’मधला कर्नल किलगोर लाटा चांगल्या आहेत म्हणून व्हिएतनाममधलं गाव बेचिराख करतो, सर्फिंगच्या वेडावर याहून जळजळीत भाष्य कुठल्याही सर्फपटात नाही. ते दृश्य चित्रित झालं फिलिपिन्समधल्या बालेर गावात. चित्रीकरणवाले गेले, बोर्ड मागे राहिले आणि गावातली पोरं त्यावर सर्फिंग शिकली, असं तिथं सांगतात. कॅथरीन बिगेलोचा ‘पॉइंट ब्रेक’ (१९९१) हा खरं तर दरोड्याचा सिनेमा. ‘ब्लू क्रश’मध्ये (२००२) नायिकेसाठी हवाईतल्या पाइपलाइनच्या अवघड लाटांवर काही ठिकाणी एका पुरुषाला टोप घालून उतरवलं होतं. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

वेळेच्या अडचणीवर ऑस्ट्रेलियानं वेगळंच उत्तर शोधलं: संगीत. आल्बी फॅलझनच्या ‘मॉर्निंग ऑफ द अर्थ’मध्ये (१९७२) निवेदनाचा एक शब्द नाही. शेतावर राहणारी, स्वतःचे बोर्ड स्वतः घासून बनवणारी तरुण मुलं, लाटा आणि गाणी. बालीमधल्या उलुवातूच्या लाटा जगानं प्रथम या सिनेमात पाहिल्या. कड्यावर देऊळ, खाली गुहा, गुहेतून पाण्यात उतरायची वाट. ती जागा रिकामी दिसते ती शेवटचीच. आज त्या कड्यावर हॉटेलं आणि खानावळी दाटीनं उभ्या आहेत. सर्फपट जी जागा दाखवतो ती जागा त्या दाखवण्यामुळेच बदलते, हा या प्रकाराला जडलेला शापच म्हणायचा. पुढे कित्येक सिनेमांनी जागेचं नाव न सांगण्याची पद्धत पाडली ती त्यामुळेच.

माझ्या किनाऱ्याच्या कसोटीला एक अपवाद आहे, आणि तो आनंदानं मान्य करतो. डेव्हिड एल्फिकच्या ‘क्रिस्टल व्हॉयेजर’मध्ये (१९७३) जॉर्ज ग्रीनो हा विक्षिप्त माणूस स्वतः घडवलेल्या पेटीतला कॅमेरा पाठीवर बांधून लाटेच्या पोटात शिरतो. तोवर लाट बाहेरून दिसत होती. इथं आपण आत असतो. चहूबाजूंनी पाण्याची वळती भिंत, समोर प्रकाशाचं एक गोल भोक, आणि सगळं इतकं संथ की लाट जणू श्वास घेते आहे. शेवटची वीसेक मिनिटं फक्त हेच आणि पिंक फ्लॉइडचं ‘एकोज’. बँडनं ते संगीत वापरू दिलं आणि बदल्यात ही दृश्यं आपल्या जलशांसाठी मागून घेतली. दहा सेकंदांची लाट ताणली तर तिच्यात केवढी जागा असते, हे ग्रीनोनं दाखवलं. आज मनगटाएवढ्या कॅमेऱ्यानं कुणीही तेच चित्र काढतो. गोप्रो कंपनीसुद्धा सर्फिंग करताना स्वतःला टिपता यावं या हौसेतूनच जन्मली. पण ग्रीनोसारखा धीर क्वचित कुणाकडे दिसतो.

मग व्हिडिओ कॅसेट आली आणि हॉलच संपला. टेलर स्टीलचा ‘मोमेंटम’ (१९९२) म्हणजे केली स्लेटर आणि त्याच्या पिढीची पोरं, धडाधड तुकडे आणि पंक संगीत. सिनेमा घरात पोहोचला, पोरांनी तो शेकडो वेळा मागेपुढे करून पाहिला, त्यातून सर्फिंगची शैली बदलली. पण पाहण्याचं निमित्त करून एकत्र जमणं गेलं. पैसाही बदलला. कपड्यांच्या मोठ्या ब्रँडांनी आपापल्या खेळाडूंच्या फिती काढायला सुरुवात केली. अशा फितीत सर्फर कधी थकत नाही, भीत नाही, त्याला घरभाडं भरावं लागत नाही. पुढे इंटरनेटवर लाटा फुकट मिळू लागल्या आणि ब्रँडांचंही बस्तान डळमळलं. क्विकसिल्व्हरनं २०१५ मध्ये अमेरिकेत दिवाळखोरीचा अर्ज केला. या दोन गोष्टींनी जी पोकळी झाली तीत महोत्सव उभे राहिले, असं मला वाटतं. नुसती लाट पाहायला आता कुणी तिकीट काढत नाही. तिकीट काढायला लावायचं तर गोष्ट हवी. आणि गोष्ट असेल तर ती अनोळखी माणसांच्या सोबत अंधारात पाहायला, नंतर दिग्दर्शकाला प्रश्न विचारायला लोक येतात. बड ब्राउनचा हॉल असा पन्नास वर्षांनी परतला.

गोष्टीच्या या युगाचं दार उघडलं स्टेसी पेराल्टाच्या ‘रायडिंग जायंट्स’नं. २००४ च्या सनडान्स महोत्सवाचा तो उद्घाटनपट. माहितीपटाला तो मान मिळण्याची ती पहिलीच वेळ. मोठ्या लाटांवरचा जुना सर्फर ग्रेग नोल, कॅलिफोर्नियातल्या मॅव्हरिक्सच्या गार पाण्यात पंधरा वर्षं एकटाच जाणारा जेफ क्लार्क, आणि ताहितीत तेआहूपोला २००० साली अशक्य वाटणारी लाट पेलणारा लेअर्ड हॅमिल्टन, अशी तीन पिढ्यांची मांडणी आहे. सिनेमा झकास, थोडा जास्तच भारावलेला. याच वाटेवर पुढे एचबीओची ‘हंड्रेड फूट वेव्ह’ (२०२१) ही मालिका येते. पोर्तुगालमधल्या नझारे गावासमोर समुद्रतळाशी प्रचंड दरी आहे. तीतून येणारी ऊर्जा उथळ पाण्यात एकवटते आणि इमारतीएवढ्या लाटा उठतात. गॅरेट मॅकनमारानं २०११ मध्ये तिथं ७८ फुटांची लाट घेतली, सेबास्टियन स्टॉइडनरनं २०२० मध्ये ८६ फुटांची. गंमत अशी की ही उंची ठरते ती छायाचित्रांवरून. लाट, माणूस आणि कड्यावरच्या जुन्या किल्ल्यावरचं दीपगृह एका चौकटीत मिळतात, म्हणून नझारेची कीर्ती. इथं कॅमेरा नुसता साक्षीदार राहत नाही, पंच होतो. मालिकेत मला लाटांपेक्षा मॅकनमाराच्या घरात जास्त रस वाटला. मोडलेलं शरीर, पत्नीची घालमेल, आणि तरीही पुन्हा जाण्याची ओढ. व्यसन यापेक्षा वेगळं दिसत नाही.

त्या मानानं ‘बस्टिन डाउन द डोअर’ (२००८) हा अधिक गुंतागुंतीचा, आणि न सांगितलेल्या बाजूमुळे अधिक बोलका. १९७५ चा हिवाळा, हवाईचा उत्तर किनारा. ऑस्ट्रेलिया आणि दक्षिण आफ्रिकेची तरुण मुलं तिथं येतात, जिंकतात, मासिकांत फुशारकी मारतात आणि मग स्थानिक हवाईयनांचा मार खातात. शेवटी समेट घडवतो तो एडी आइकाऊच. सिनेमा पाहुण्यांच्या बाजूनं आहे. व्यावसायिक सर्फिंग आम्ही जन्माला घातलं, हा त्याचा सूर. पण ज्यांचं राज्य १८९३ मध्ये उलथवलं गेलं, ज्यांची जमीन गेली, त्यांच्याकडे लाटाच उरल्या होत्या आणि त्याही आता कुणी येऊन आपल्या नावावर करू पाहतं, हा राग मुलाखतींच्या फटींतून ऐकू येतो. ‘वॉटरमन’ (२०२१) हा हवाईयन सर्फर ड्यूक कहानामोकूवरचा माहितीपट त्याला जोडून पाहावा. जलतरणात ऑलिम्पिक सुवर्णपदकं, ऑस्ट्रेलियाला सर्फिंगची गोडी, १९२५ मध्ये कॅलिफोर्नियात उलटलेल्या बोटीतल्या आठ जणांना बोर्डावरून किनाऱ्याला आणणं. एवढं करूनही हॉलिवूडनं या देखण्या माणसाला किरकोळ भूमिकांवरच बोळवलं. माहितीपट भक्तिभावानं ओथंबलेला आहे, तरी हा सल त्यात नीट उतरला आहे.

आता तो टोप घातलेला पुरुष. सर्फिंगच्या सिनेमात बाई असायची ती वाळूवर, टॉवेल घेऊन. ख्रिस्तोफर नेलियसचा ‘गर्ल्स कान्ट सर्फ’ (२०२०) हा ऑस्ट्रेलियन माहितीपट ऐंशी-नव्वदच्या दशकांतल्या व्यावसायिक स्त्री सर्फरांना समोर बसवतो आणि बोलू देतो. चांगल्या लाटा पुरुषांच्या फेऱ्यांना, समुद्र मेलेला असला की ‘आता बायकांची फेरी घ्या’. बक्षिसाची रक्कम किरकोळ, आणि करार हवा तर आधी दिसणं बघणार. पॉलिन मेंझर १९९३ ची जगज्जेती. संधिवातानं शरीर आखडलेलं, प्रायोजक नाही, प्रवासखर्च भागवायला किडूकमिडूक विकायची. हे सगळं ती इतकं हसतखेळत सांगते की ऐकणाऱ्यालाच लाज वाटते. २०१८ मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या एका कनिष्ठ गटाच्या स्पर्धेतलं छायाचित्र जगभर फिरलं: विजेत्या मुलाच्या हाती ८००० रँडचा धनादेश, विजेत्या मुलीच्या हाती ४०००. त्याच वर्षी जागतिक सर्फ लीगनं समान बक्षिसाची घोषणा केली. या माहितीपटात लाटा थोड्या, जुन्या व्हिडिओच्या, धूसर. तरीही मी पाहिलेल्या सर्फपटांत हा सगळ्यात वेगवान आहे.

महोत्सवांत सध्या सर्वाधिक टाळ्या मिळतात त्या दूरच्या किनाऱ्यांवरच्या सिनेमांना, आणि इथं सावध राहावं लागतं. साचा ठरून गेला आहे. युद्धानं किंवा गरिबीनं पिचलेला देश, त्यात एक मुलगी, तिला मिळालेला बोर्ड, मावळतीचा सूर्य, मुक्तीचं संगीत. लाट आली की प्रश्न सुटला. चांगले दिग्दर्शक हा सापळा ओळखतात. ‘गाझा सर्फ क्लब’मध्ये (२०१६) फिलिप ग्नाट आणि मिकी यमीन यांनी गाझाची नाकेबंदी बोर्डांच्या टंचाईतून दाखवली आहे, एक बोर्ड मोडला तर नवा आणायचा कुठून? एक तरुण बोर्ड बनवणं शिकायला हवाईला जातो. लहानपणी समुद्रात खेळलेल्या मुलीला वयात आल्यावर पाण्यात उतरण्याची चोरी होते. तिचे वडील तिला होडीमागे दोरीनं ओढत खोल समुद्रात नेतात, जिथं पाहणारं कुणी नाही. गाझात बोर्ड पोहोचवणाऱ्यांत डोरियन पास्कोविट्झ हा ८६ वर्षांचा ज्यू डॉक्टरही होता. त्याच्यावर ‘सर्फवाइज’ हा वेगळा माहितीपट आहे. डॉक्टरकी सोडून, नऊ मुलांना शाळेत न घालता एका गाडीत वाढवणाऱ्या या माणसाचं ते निर्दय, प्रेमळ चित्र आहे. मोठी झालेली मुलं बापाला काय काय सुनावतात ते ऐकण्यासारखं. हे दोन्ही सिनेमे एकमेकांशी बोलतात. २०२३ नंतर गाझाचा किनारा विस्थापितांच्या तंबूंनी भरला, त्यामुळे पहिला सिनेमा आता पाहवत नाही.

बांगलादेशातून दोन सिनेमे आले आणि दोन्ही आपल्या जवळचे वाटतात. ‘न डराइ’ (२०१९) हा तानिम रहमान अंशू यांचा कथापट, चट्टग्रामच्या बोलीत. कॉक्स बाजारच्या एका मुलीच्या सर्फिंगची आणि तिच्या लग्नाची गोष्ट. त्याच्यावर बंदीसाठी कोर्टाची पायरीही चढली गेली. एलिझाबेथ डी. कोस्टा यांचा ‘बांगला सर्फ गर्ल्स’ (२०२१) हा माहितीपट मला अधिक प्रामाणिक वाटतो, कारण तो सुटकेचं वचन देत नाही. किनाऱ्यावर किडूकमिडूक विकणाऱ्या मुली सर्फिंग शिकतात, काही काळ हसतात, आणि घरात पैसा नसला की लग्नाची बोलणी सुरू होतात. प्रशिक्षक चांगला, लाटा चांगल्या, तरी आईचा हिशेब बदलत नाही.

भारताकडे परदेशी कॅमेरा आला तो ‘बियाँड द सरफेस’मध्ये (२०१४). परदेशी स्त्री सर्फरांची टोळी दक्षिण भारतात फिरते आणि त्यांच्यासोबत असते इशिता मालवीय. ही मूळची मुंबईची. पत्रकारिता शिकायला मणिपालला गेली, २००७ मध्ये सर्फिंग शिकली आणि पुढे उडुपीजवळच्या कोडी बेंगरेत क्लब काढून कोळ्यांच्या मुलांना शिकवू लागली. चौपाटीवर वाढलेल्या मुलीला समुद्र खऱ्या अर्थानं भेटला तो परगावी, ही गोष्ट एकट्यानं सिनेमाला पुरेशी होती. पण नारळाची झाडं, योगासनं आणि सूर्यास्त यांत ती थोडी हरवते. हेतू निर्मळ आहे, नजर पाहुण्याची.

पर्यावरणाचे सर्फपट बहुधा उपदेशात संपतात. ब्रँड पैसे देतो, शेवटी ब्रँडचं नाव येतं आणि आपण काहीतरी पुण्य केलं असं वाटून बाहेर पडतो. लुईस आर्नोल्ड आणि ख्रिस नेल्सन यांचा ‘द बिग सी’ हे समाधान मिळू देत नाही. थंड पाण्यात उतरण्यासाठी लागणारा वेटसूट निओप्रीनचा असतो. २०२५ मध्ये उत्पादन थांबेपर्यंत अमेरिकेत ते बनवणारा एकच कारखाना होता, लुइझियानात मिसिसिपीच्या काठी. आधी ड्यूपाँटचा, २०१५ पासून जपानी डेन्का कंपनीचा. त्यातून बाहेर पडणारा क्लोरोप्रीन वायू कर्करोगाला कारण ठरू शकतो, असं अमेरिकेच्या पर्यावरण खात्यानं २०१० मध्येच म्हटलं होतं. भोवतालची वस्ती मुख्यतः काळ्या लोकांची, आणि घराघरांत आजारपणं. समुद्रावर प्रेम करतो म्हणणाऱ्या माणसाच्या अंगावरचं कापड कुठून येतं, हे हा सिनेमा सर्फरांच्याच महोत्सवात, सर्फरांसमोर मांडतो. सभागृहात शिट्ट्या वाजत नाहीत अशा मोजक्या सर्फपटांपैकी हा एक.

भारतीय सर्फिंगची जी गोष्ट मला पाहायची आहे तिला अशाच नजरेची गरज आहे. २०२५ मध्ये महाबलीपुरमच्या आशियाई सर्फिंग स्पर्धेत रमेश बुदिहाळनं कांस्यपदक मिळवलं. आशियाई पातळीवरचं भारताचं ते पहिलं वैयक्तिक पदक. त्याच किनाऱ्यावरच्या कोवळम गावात मूर्ती मेगवन या कोळ्यानं गावच्या पोरांना सर्फिंगला लावलं. ही पोरं समुद्र बापाच्या होडीतून ओळखतात, हवाईच्या चित्रफितींतून नव्हे. दुसरं कोवळम केरळात, आणि त्याच्या शेजारी विळिंजमचं नवं बंदर. किनारा खचतो आहे म्हणून २०२२ मध्ये मच्छीमारांनी त्या बंदराचं काम महिनोन्‌महिने रोखून धरलं होतं. किनाऱ्यावर धक्के आणि बांध उभे राहिले की वाळू सरकते, वाळू सरकली की लाट फुटण्याची जागा बदलते. जाळं टाकणारा आणि बोर्डावर उभा राहणारा, दोघांनाही ते सारखंच भोवतं. कोकणातही बंदरांवरून हेच वाद चालू आहेत, फक्त तिथं बोर्ड घेतलेली पोरं अजून थोडी आहेत. असा सिनेमा मल्याळममध्ये किंवा तमिळमध्ये, त्या घरांतल्याच एखाद्यानं काढावा. आईला मुलगा समुद्रावर रिकाम्या हातानं जातो आणि रिकाम्या हातानं परत येतो याचं काय वाटतं, इथपासून सुरुवात केली तरी चालेल.